पडद्याआधीचा स्वर



संगणक सुरू होताना आवाज का करतो? शोभेसाठी नव्हे. १९८१ साली आलेला आयबीएमचा पीसी बटण दाबताच आधी स्वतःची तपासणी करी. सारं ठीक असलं की एकच छोटा बीप. बिघाड असला तर बीपांची संख्या आणि लांबी बदले, आणि दुरुस्ती करणारा ती ऐकून दोषाचा माग काढी. पडदाच बंद असेल तर सांगणार कुठून? म्हणून आवाज.

या खुणेला संगीत केलं ते ॲपलमधल्या जिम रीक्स यांनी. त्याआधीच्या काही मॅक संगणकांचा आवाज त्यांना कर्कश वाटे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि तीव्र मध्यम एकदम दाबल्यावर जी अस्वस्थता जाणवते, ती त्यात होती. त्यातून तेव्हाचे संगणक वारंवार बंद पडत. हातचं काम गेलेलं, माणूस वैतागलेला, आणि पुन्हा सुरू करताना कानावर तेच! रीक्स यांनी घरच्या कोर्ग सिंथेसायझरवर सा-ग-प असा भरदार स्वरमेळ दोन्ही हात फाकवून वाजवला आणि गंधार सर्वांत वर ठेवला. वरिष्ठांची रीतसर परवानगी न घेता तो यंत्राच्या कायम स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, बसवला गेला. १९९१च्या क्वाड्रा या मॅक संगणकात तो प्रथम घुमला. वैतागलेल्या माणसाचा इतका विचार करणारा तंत्रज्ञ मला फार मोठा वाटतो.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५चा आवाज संगीतकार ब्रायन ईनो यांचा. मागणीपत्रात सुमारे दीडशे विशेषणं होती आणि वेळ जेमतेम सव्वातीन सेकंद, असं त्यांनीच मुलाखतीत सांगितलं. त्यांनी ८४ तुकडे रचले. ते काम त्यांनी मॅकवर केलं, हेही त्यांचंच सांगणं. २०२५ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा आवाज जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतला.

मध्यंतरी हे आवाज नकोसे झाले. विंडोज ८मध्ये सुरुवातीचा आवाज मुळातच बंद ठेवलेला होता. २०१६पासून नव्या मॅकबुक प्रोमधूनही गेला. पुढे दोन्ही कंपन्यांनी तो परत आणला, हे योग्यच झालं. ज्याला पडदा दिसत नाही, त्याला यंत्र जागं झालं हे कळायला दुसरी खूण कोणती? म्हणून कार्यालयांत, शाळांत संगणक बसवणाऱ्यांना माझी विनंती आहे: सेटिंगमधला हा आवाज सरसकट बंद करू नका. वापरणाऱ्याला आधी विचारा.