टिळकांच्या घरांतील क्षमा

नागपुराहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी भंडारा रोड व तुमसर हीं स्थानकें मागें टाकते, वैनगंगा ओलांडते आणि गोंदियामार्गें राजनांदगांवकडे वळते. गोंदियाचा मुलूख १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच मोडत असे. सन १८९३ च्या सुमारास ह्याच वाटेनें नारायण वामन टिळक राजनांदगांवास चालले होते. डब्यांत एक गोरा सहप्रवासी भेटला. काव्यावरून गोष्ट धर्मावर आली आणि निरोप घेतांना त्या गृहस्थानें 'नवा करार' टिळकांच्या हातीं दिला. टिळकांनीं तो वाचण्याचें वचन दिलें व तें पाळलें. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशीं ते येऊन थांबले. त्याच प्रवचनांत ती प्रार्थना आहे, जींत देवाकडे क्षमा मागणाऱ्यानें दुसऱ्यांस क्षमा केलेली असावी, असें गृहीत धरलें आहे.

परंतु ह्या प्रवचनाचा पहिला घाव टिळकांच्या स्वतःच्याच घरावर बसला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. मुलगा दत्तू अवघा चार वर्षांचा होता. पति जिवंत असून नसल्यासारखा, आणि समाजाची बोटें मात्र रोज आपल्याकडे, अशी त्या बाईंची स्थिति झाली. टिळकांचा निश्चय प्रामाणिक होता, हें खरें. तितकेंच हेंहि खरें कीं, त्याची किंमत दुसऱ्या जिवाला न विचारतां मोजावी लागली.

पुढील सुमारें चार-पांच वर्षें उभयतांच्या ताटातुटीचीं होतीं. पंढरपुरासारख्या क्षेत्रीं राहून लक्ष्मीबाईंनीं तीं काढलीं. ह्या काळांत दुरावा होता. पण पत्रें थांबलीं नाहींत, कवितेंतलें बोलणेंहि थांबलें नाहीं. क्षमेचा आरंभ बहुधा असाच होतो. मन अजून दुखत असतें, राग गेलेला नसतो. तरी दार लावून घेतलें जात नाहीं.

अखेर लक्ष्मीबाई पतीकडे नगरास आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. त्यांचें सोंवळें त्यांच्याबरोबर आलें. टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत शिकवीत, आणि त्यांच्याच घरीं पत्नीची वेगळी चूल पेटे. टिळकांनीं ती विझविली नाहीं. ज्या माणसानें पूर्वीं पत्नीस न विचारतां निर्णय घेतला, तोच आतां तिच्या निर्णयाची वाट पाहूं लागला. 'माझें चुकलें' हें शब्दांनीं म्हणणें सोपें असतें. टिळकांनीं तें वागण्यानें म्हटलें. पुढें जातिभेदाविषयीं लक्ष्मीबाईंचें मन स्वतःच्या विचारानें पालटलें आणि १९०० सालीं त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला.

येथें कथा संपली असें मानल्यास मोठी चूक होईल. टिळकांचा स्वभाव तापट तो तापटच राहिला. घरांतला पैसा गरजवंताला देऊन मोकळें व्हावें, न सांगतां निघून जावें, क्षणांत भडकावें आणि क्षणांत विरघळावें, हें चालूच होतें. धर्म पालटला म्हणून स्वभाव एका रात्रींत पालटत नाहीं. म्हणूनच घरांतली क्षमा ही एकदांच द्यावयाची देणगी नव्हे. ती रोजच्या भाकरीसारखी रोज करावी लागते. पेत्रानें क्षमा किती वेळां करावी हें विचारलें, तेव्हां ख्रिस्तानें हिशेबाची वहीच मिटविली, ती ह्याचसाठीं.

मात्र क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले. त्यानंतर लक्ष्मीबाईंनीं लिहिलेलीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं. त्यांत पतीचा एकहि दोष झांकलेला नाहीं. पण एकहि दोष त्याच्या चांगुलपणावर पडदा होऊन बसलेला नाहीं. ज्यानें रडविलें, त्यानेंच अक्षरओळख करून दिली, कवितेला शाबासकी दिली, अनाथ मुलांना घरांत जागा दिली, हें सारें त्यांनीं हंसत हंसत नोंदविलें आहे. टिळकांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुरें करण्यासहि त्याच बसल्या. शाळेचें तोंड न पाहिलेल्या बाईनें महाकवीचें काम पुढें न्यावें, ह्याहून त्यांच्या शिकवण्याची मोठी पावती कोणती?

आपल्या घरांतहि माणसाच्या चुका तोंडपाठ असतात. त्याचे गुण मात्र बहुधा मरणोत्तर आठवतात. टिळक दांपत्याच्या संसारापासून घेण्यासारखें आहे तें एवढेंच: चूक असेल ती चूक म्हणावी, परंतु तिच्याशेजारीं त्या माणसाचा चांगुलपणाहि त्याच दिवशीं, त्याच्या देखत उच्चारावा. ख्रिस्ती घर असो वा हिंदु, एकाच छपराखालीं दोन चुली पेटूं देण्याइतका धीर जेथें असतो, तेथें एका चुलीचा दिवसहि उगवूं शकतो.