डेन्मार्कची नोकरी आणि आपली शिकवण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे चुलीपाशी आणि आपल्या या मंडळात झाले. परंतु चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "तुमचा थोरला डेन्मार्कला नोकरीला आहे, तिकडच्या कामाची रीत सांगा." मी स्वतः तो देश पाहिलेला नाही. मुलाने फोनवर जे सांगितले आणि त्यातून मला जे उमगले, तेवढेच सांगते.

कामासाठी दूरदेशी जाणे आपल्या अजिंठ्याला नवे नाही. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल हे इंग्रज अधिकारी लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी इकडे आले आणि वर्षानुवर्षे राहिले. त्यांची सोबतीण पारो हिची १८५६ सालची कबर आपल्या गावातच आहे. डेन्मार्कचे लोकही महाराष्ट्राला परके नाहीत. हॉल्क-लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी १९३८ साली मुंबईत कंपनी काढली, ती 'लार्सन अँड टुब्रो' आज सर्वांना ठाऊक आहे. हॉल्क-लार्सन तर इथलेच होऊन गेले. २००२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुढच्या वर्षी मुंबईतच त्यांचे निधन झाले. ते इकडे रुळले, तसे आता आपल्या मुलांना तिकडे रुळायचे आहे.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडचा लहानसा देश. आपल्या महाराष्ट्राचे सात भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. तिथे वाऱ्यावर वीज करतात. देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आणि उन्हाची असते. माझा मुलगा पवनचक्क्यांच्याच कामावर आहे. आधी तो वाळूजला एका कारखान्यात होता. तिथे साहेब आले की उभे राहायचे, "येस सर" म्हणायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले.

डेन्मार्कला गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याची पंचाईत झाली. त्याच्या वरच्या अधिकारी एक बाई आहेत. त्यांना "मॅडम" म्हटले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला नावाने हाक मार." तिकडे लहानथोर सारे एकमेकांना नावाने हाक मारतात. पूर्वी त्यांच्या भाषेतही आपल्यासारखे 'तू' आणि 'आपण' असे, पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत ते 'आपण' जवळजवळ मागे पडले. चहा-कॉफी प्रत्येकाने आपली आपण घ्यायची आणि कप आपला आपण जागेवर ठेवायचा. शिपायाला हाक मारायची सोय नाही. ज्याचा वाढदिवस असेल त्यानेच सर्वांसाठी केक न्यायचा. आमच्या चिरंजीवांनी बेसनाचे लाडू नेले, ते दहा मिनिटांत संपले! आणि एक गंमत म्हणजे, तिकडे आभार मानायचे तर 'ताक' म्हणतात. जेवून उठतानाही 'ताक'. मी म्हटले, "मग तुला घरची आठवण रोजच येत असेल!"

पण भगिनींनो, हे झाले वरवरचे. खरी अडचण निराळीच होती.

तिकडे पुष्कळ ठिकाणी पहिले तीन महिने परीक्षेचे असतात. तसा करार असला म्हणजे त्या काळात चौदा दिवसांची सूचना देऊन घरी पाठवता येते. राहण्याचा परवाना नोकरीवर मिळालेला; नोकरी गेली की परवानाही धोक्यात. डिसेंबरात एका रात्री साडेआठ वाजता त्याचा फोन आला. तिकडे दुपारचे चार वाजले होते, पण दिवस मावळलेला. मुलाचा आवाज पडलेला. म्हणाला, "आई, परत यावे लागेल की काय कोण जाणे."

झाले होते असे. बाईंनी त्याला एक काम समजावून दिले आणि विचारले, "समजले ना?" याला निम्मे समजले नव्हते, तरी "हो" म्हणाला. पुन्हा विचारावे तर आपली अक्कल दिसेल, आणि मोठ्या माणसाला दोनदा त्रास कसा द्यावा, ही भीती. दोन आठवडे खपून काम केले, ते सारे चुकले. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुला समजले नव्हते तर विचारले का नाहीस? तू गप्प बसलास, म्हणून मला वाटले सारे ठीक आहे." मुलगा म्हणाला, "आई, त्या ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते. मी मान देत होतो आणि त्यांना ती लबाडी वाटली."

मी काय सांगितले असेल? "अरे, मोठ्यांना उलट बोलू नकोस. खाली मान घालून काम कर." फोन ठेवला, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मला आपल्या मंडळाची ती पापडाची ऑर्डर आठवली. तुम्हांपैकी पुष्कळजणी तेव्हा होतात. उडदाच्या पिठात पापडखार जास्त पडतो आहे, हे मला मळतानाच कळले होते. पण प्रमाण घालणाऱ्या बाई वयाने मोठ्या. मी सातवी शिकलेली, त्यांना कशी सांगू? गप्प राहिले. पापड तळल्यावर लालसर आणि कडू झाले. सारा माल परत आला, सर्वांची मेहनत वाया गेली, आणि त्या वडील बाईंना चारचौघींत मान खाली घालावी लागली. मी बोलले असते तर त्यांचा मान राहिला असता! गप्प बसून मी त्यांना मान दिला नाही, त्यांचा मान घालवला.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला आणि त्याला पापडाची ती हकीगत सांगितली. म्हटले, "बाळा, तुला गप्प बसायला मीच शिकवले. आता जाऊन सांग की मला हे समजले नाही." तो गेला, बोलला. बाई तासभर त्याच्यापाशी बसल्या. महिन्याभराने एका ड्रॉइंगमधले माप चुकलेले त्याने भर बैठकीत दाखवले. त्याच्या छातीत धडधडत होते म्हणे. ते माप खुद्द बाईंनीच घातले होते. त्या म्हणाल्या, "ताक." नोकरी टिकली.

हे त्या लोकांत आले कोठून, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, तिकडे १८८२ साली येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दूधडेअरी काढली. नियम असा की ज्याच्या दहा गाई त्याला एक मत आणि ज्याची एकच गाय त्यालाही एकच मत. आजही किमान पगाराचा सरकारी कायदा तिथे नाही; कामगारांच्या संघटना आणि मालक समोरासमोर बसून पगार आणि वेळ ठरवतात. त्या करारांनी आठवड्याचे सदतीस तास काम. शिवाय कायद्याने वर्षाला पाच आठवडे रजा. संध्याकाळी उशिरापर्यंत बसला तर कौतुक नाही. उलट काम झेपत नाही का, असे विचारतात.

तिकडचे सारेच गोड आहे असेही नव्हे. हिवाळ्यात काळोख मन खातो. न कळवता कोणी कोणाच्या दारी जात नाही. जेवणाच्या टेबलावर सारे त्यांच्या भाषेत बोलू लागले की माझा मुलगा मुक्यासारखा बसे. आता तो परक्यांसाठीच्या भाषेच्या वर्गाला जातो. शेजारीण वाटीभर साखर मागायला येते, हे सुख आपलेच आहे. ते आपण सोडू नये.

मागच्या सुट्टीत तो घरी आला, तेव्हा जेवून उठला आणि आपले ताट आपणच घासायला बसला. सासूबाई म्हणाल्या, "पोराला काय झाले?" मी म्हटले, "नोकरीत शिकला."

भगिनींनो, उलट बोलणे वेगळे आणि खरे बोलणे वेगळे. आपल्या सभेत नव्या सुना कोपऱ्यात बसतात, हिशेब वाचला की माना डोलावतात. त्यांच्यापैकी कोणाला पापडखार जास्त दिसत असेल, तर आपल्याला कळणार कसे? माझी विनंती आहे की पुढच्या सभेपासून आपण वडील बायकांनी आधी त्यांनाच विचारावे आणि त्या बोलल्या तर रागावू नये.

भाषणाच्या शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची पद्धत आहे. मी तसे म्हणत नाही. माझे काही चुकले असेल तर ते मला तोंडावर सांगा. मी रागावणार नाही.