पायाचं हाड आणि पंढरीची वाट

आम्ही चौथी शिकलेले. नांगर आणि वीणा, एवढंच हातात धरलेलं. आज कीर्तनाला नाही, पायाबद्दल चार शब्द सांगायला उभे आहोत. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर वाट. शंभर वर्षं ही दिंडी पायावरच चालली. पेरणीआधी आपण बैलाचा खूर बघतो, पत्री मारतो. स्वतःच्या पायाला मात्र राहुटीत तेल चोळलं की झालं!

पण सगळं दुखणं तेलाचं नसतं. वाटेवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगतो.

पहिलं टाचेचं. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की खिळा टोचल्यागत कळ येते, थोडं चाललं की कमी होते, संध्याकाळी परत. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत चिवट पट्टा असतो, तो ताणलेला असतो. एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की माणूस घाबरतो. पण असं हाड कित्येकांना असतं आणि दुखत काहीच नाही. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी, गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवावी, मऊ टाचेची चप्पल घालावी. महिने लागतात, पण बहुतेकांचं ऑपरेशनवाचून बरं होतं.

दुसरं अंगठ्याचं. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर गाठ येते आणि अंगठा शेजारच्या बोटाकडं कलतो. रुंद पुढ्याची चप्पल घातली की घासणं थांबतं. वाकडं झालेलं हाड सरळ होतं ते ऑपरेशननंच; पण दुखत नसेल तर त्याची गरज नाही.

तिसरं, त्याच सांध्याचं, पण वेगळं. रात्रीत अंगठा लाल, गरम, सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. हा बहुतेक वेळा गाऊट. इथं चोळू नका. डॉक्टर तपासून गोळ्या देतात, त्यानं उतार पडतो.

चौथं सगळ्यात फसवं. बोटांच्या मागं, पावलाच्या वरच्या बाजूला सूज येते. एका बोटानं दाबलं की नेमक्या एका जागी दुखतं आणि चालावं तसं वाढत जातं. टाचेची कळ चालून कमी होते, ही वाढते, हा फरक ध्यानात धरा. अति चालण्यानं हाडाला बारीक चीर पडलेली असते. सुरुवातीला दोन-तीन आठवडे एक्सरेतही ती दिसत नाही म्हणून गाफील राहू नका. औषध एकच, विश्रांती. सहा ते आठ आठवडे. रेटून चाललं तर चिरेचं पुरतं मोडतं.

आणि साखरेचा आजार असलेल्यांनी विशेष ऐका. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पायाला कळच लागत नाही. पाय लाल, गरम, सुजलेला दिसला तर दुखत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुरूप ब्लेडनं कापू नका.

आता खरं बोलतो, राग मानू नका. आपल्यात म्हण पडलीय की गाडीत बसला त्याची वारी मोडली. या बोलण्याच्या भीतीनं माणसं सुजलेला पाय धोतराखाली झाकून चालतात. बायामाणसं तर बोलतच नाहीत. अहो, सावता महाराज अरणला मळ्यातच राहिले, त्यांना विठ्ठल तिथंच भेटला. मग सामानाच्या गाडीत बसलेल्या माउलीला तो भेटणार नाही होय?

म्हणून दुसऱ्या शंभरीसाठी दिंडीपुढं एकच मागणं मांडतो. रोज मुक्कामी हरिपाठ झाला की प्रत्येकानं शेजारच्याचा पाय बघावा. ज्याला बसायला सांगितलं त्यानं बसावं, आणि त्याला कुणी एक शब्दही बोलू नये. आपण एकमेकांच्या पाया पडतोच की. पडताना तो पाय जरा बघायचा, एवढंच.

रामकृष्ण हरी.