फड्याची भाजी

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. तुकोबांची पालखी शहरात आली की मुक्कामाला तिथेच असते. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून देवाला हे नाव पडलं, असं सांगतात. निवडुंग म्हटलं की आपल्याला असा एखादा देव आठवतो, नाहीतर शेताचं कुंपण. फार तर लहानपणी खाल्लेली लाल बोंडं आणि रंगलेली जीभ. पण त्या फड्याची भाजी? ती मी पहिल्यांदा केली मेक्सिको शहरात, लेकीच्या घरी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

तिकडे याला नोपाल म्हणतात. शहराच्या दक्षिणेला मिल्पा आल्ता नावाचा भाग आहे, तिथे आपल्याकडे उसाचे असावेत तसे नोपालचे मळे आहेत. मंडईत एक बाई फड्यांची चवड मांडून बसली होती. फडा हातात घ्यायचा, कड कापायची, सुरी आडवी फिरवून दोन्ही बाजू खरवडायच्या. माझे दहा अंक मोजून व्हायच्या आत फडा साफ. तिच्याकडे साफ केलेले, चिरलेले तुकडेही होते. पण मला हौस! मी काट्यांसकट घेतले.

मोठे काटे दिसतात, त्यामुळे ते चुकवता येतात. छळतात ती त्यांच्या बुडाशी असलेली कुसळं. केसाहून बारीक, टोकाला उलटे दाते, झुपक्यांनी बसलेली. फडा नुसता चाचपला तरी वीसेक बोटात. लेक चिमटा घेऊन बसली आणि मी पोरासारखा हात पुढे करून.

फडा चिरला की बुळबुळीत तार सुटते, थेट भेंडीसारखी. शेजारच्या आजींनी पातेल्यात पाणी, मीठ, अर्धा कांदा आणि तिथल्या हिरव्या आंबट टोमॅटोची वाळकी टरफलं घातली. त्यांची आई म्हणे तांब्याचं नाणंही टाकायची. त्याने तार खरंच कमी होते का, कोण जाणे. पण भेंडीत आमसूल टाकणाऱ्या माणसाने त्यांना हसू नये. तुकडे शिजून हिरव्यागार रंगाचे शेवाळी झाले. निथळून त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मिरची. झाली कोशिंबीर. उरलेले मी तव्यावर तार सुकेपर्यंत परतले, लसूण आणि दाण्याचं कूट घातलं. आजींनी ती भाजी मक्याच्या पोळीत गुंडाळून खाल्ली.

चव आंबटसर. त्यामागे झाडाची युक्ती आहे. दिवसा छिद्रं उघडली तर पाणी उडून जाईल, म्हणून निवडुंग ती रात्री उघडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो. हिरव्या सफरचंदात असतं तेच हे आम्ल. दिवसभरात ते खर्ची पडतं. म्हणून पहाटे तोडलेला फडा आंबट आणि दुपार कलल्यावर तोडलेला सौम्य. बाजारहाट करणाऱ्या बायकांना हे शास्त्रज्ञांच्या आधीच ठाऊक असणार.

मेक्सिकोच्या झेंड्यावर नोपालवर बसलेला गरुड आहे. असा गरुड दिसेल तिथे वस्ती करा, ही देवाची आज्ञा. त्या खुणेवर १३२५ साली तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसलं, अशी कथा आहे. आजचं मेक्सिको शहर त्याच जागी उभं आहे. गंमत म्हणजे या झाडाच्या शास्त्रीय नावात ‘फायकस-इंडिका’ आहे, म्हणजे हिंदुस्थानी अंजीर! कोलंबसाच्या गोंधळाचं हे शेपूट. आपला फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेकडचाच. त्यावर एक किडा पोसला जातो, तो चिरडला की गर्द लाल रंग निघतो. त्या रंगाच्या लोभाने इंग्रजांच्या अमदानीत, १७९५ मध्ये, ब्राझीलहून हा किडा कलकत्त्याला आणला. निघाला हलक्या जातीचा. रंग फारसा मिळाला नाही, निवडुंगाची बेटं मात्र त्याने फस्त केली.

एक इशारा द्यायलाच हवा. आपल्या कुंपणाचा पांढऱ्या चिकाचा त्रिधारी निवडुंग या कुळातला नाहीच. तो चीक डोळ्याला घातक, पोटालाही. त्याच्या वाटेला जाऊ नका.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच दिवशी चहाचा कप उचलताना अंगठ्यात काहीतरी टोचलं. भिंगाखाली धरून पाहिलं. एक कुसळ, विमानाने आलेलं.