नोकरीच्या उंबरठ्यावर



ज्या दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने नंदेसरीसारख्या कारखान्यांच्या गावात येऊन नोकरीविषयी बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. मलाही संकोच वाटतो. त्याचे कारण आधी सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी सल्ला विचारायला घरी आला. त्याला एका रासायनिक कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून घेत होते. वडिलांचे मत ‘जा’ असे होते. मी म्हणालो, “आधी बी. ए. हो, नोकरी काय, नंतरही मिळेल.” काम कसले, विद्यावेतन किती, पुढे बढती कशी, यांपैकी काहीही मी विचारले नाही, कारण कारखान्याच्या फाटकाच्या आत मी कधी पाऊलच टाकले नव्हते. तो बी. ए. झाला आणि त्यानंतर चार वर्षे अर्ज लिहीत राहिला. पदवीला मी कमी लेखत नाही, माझे आयुष्य तिच्यावरच गेले. परंतु न पाहिलेल्या कामाविषयी मी अधिकारवाणीने बोललो, हा माझा दोष होता. त्याने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो सल अजून गेलेला नाही.

तेव्हा माझी पहिली विनंती ही, की जे काम करावयाचे आहे ते आधी पाहा, आणि ते करणाऱ्या माणसाशी बोला. तुम्ही भाग्यवान आहात. औद्योगिक वसाहत तुमच्या दाराशी आहे. शेजारच्या काकांना विचारा : पाळी किती तासांची असते? अंगावर काय सांडू शकते? चूक झाली तर पहिल्याने काय करतात? पाच वर्षांनी माणूस कोठवर पोहोचतो? दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये रासायनिक संयंत्राच्या अटेंडंट ऑपरेटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये विद्यावेतन घेत कारखान्यात शिकता येते. कोणी पुढे पदविका घेईल, कोणी विज्ञानाची पदवी. यांतली कोणतीही वाट निवडा, पण ती पाहून निवडा.

दुसरी गोष्ट. पहिली नोकरी म्हणजे आयुष्याचा शिक्का, अशी भीती बाळगू नका. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले. हाताच्या कौशल्याला शास्त्राची जोड देणारी ती संस्था होती. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे त्यांनी गोध्र्यात छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा उद्योग. वरवर पाहता हा धरसोडीचा प्रवास वाटतो. पण १९१३ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा आधीच्या प्रत्येक कामातले काही ना काही उपयोगी पडले. कामे बदलली तरी हातातली विद्या त्यांच्याबरोबर राहिली.

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली. निवृत्तीनंतर एकदा मी कारखाना आतून पाहिला. ऑपरेटर ठरावीक वेळाने तापमान आणि दाब वाचून नोंदवहीत लिहीत होता; पाळी बदलताना येणाऱ्याला सारे समजावून देत होता. कोणता व्हॉल्व्ह बंद आहे, कोणता पंप दुरुस्तीला काढला आहे, हे त्याने संदिग्ध लिहिले तर दुसऱ्या पाळीतील माणसाच्या जिवावर बेतू शकते. निबंधाला गुण देण्यात आयुष्य घालवलेल्या मला त्या दिवशी नेमक्या वाक्याची किंमत नव्याने कळली. म्हणून नोकरीची तयारी करताना तीन सवयी लावून घ्या. पाहिले तेवढेच लिहावे. आपला अर्ज स्वतः लिहावा, कोणाचा उतरवून काढू नये. आणि समजले नाही तर “पुन्हा सांगा” असे म्हणण्याची लाज बाळगू नये.

आता शेवटची गोष्ट. ती विद्यार्थ्यांइतकीच वडीलधाऱ्यांसाठी आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने एका तरुणाला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठविले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्याने केला होता. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून तो १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आला. एवढी तयारी करून नोकरीवर गेलेला दुसरा तरुण मला आठवत नाही. पण शहरात त्याला राहायला खोली कोणी दिली नाही. पारशी सराईत तो कसाबसा उतरला होता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्याला तेथूनही बाहेर काढले. सार्वजनिक बागेत काही तास बसून त्याने मुंबईची गाडी पकडली. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. बडोद्याने मात्र आपण घडवलेला माणूस गमावला.

मित्रांनो, करार वाचून सही करा, हे मी तुम्हांला सांगेनच. पण पालकहो, कारखान्यांतील अधिकारी मंडळींनो, तयारीचा सारा भार या मुलांच्या खांद्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या वसाहतीत दूरदूरहून माणसे कामाला येतात, तिथे खोली देताना आपण आडनाव विचारतो काय? नवख्या पोराला काम शिकवतो, की हसतो? मुलीने पाळीत काम करायचे म्हटले तर आधी तिचा निकाल पाहतो, की शेजाऱ्यांचे तोंड? मुले तयार होऊन येतील. त्यांना घेण्याची आपली तयारी आहे काय?

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी जे द्यायला हवे होते, ते आज उशिरा तुमच्यापुढे ठेवले.