पडद्यावरची आरास : ठेवावी की उतरवावी?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. यंदा कार्यकारिणीने आम्हाला उभं केलं. आमची विद्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापुरती आणि नोकरी राज्य सरकारची, म्हणून विषयही रोजच्या कामातलाच घेतला आहे. संगणकाच्या पडद्यावर विंडो उघडताना फुलते, मिटताना विरघळते, काचेसारखी पारदर्शक दिसते. ही सजावट कामाची, की नुसती हौस?

हौस आम्हीही भागवून घेतली आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं, तेव्हा आम्ही पंचविशीत होतो. त्यातल्या 'एअरो' या काचेच्या रूपासाठी १ जीबी रॅम आणि १२८ एमबी ग्राफिक्स मेमरी लागायची. आमच्या संगणकाची तेवढी ऐपत नव्हती. मग लिनक्सवर आदल्या वर्षी आलेलं 'कॉम्पिझ' बसवलं. त्यात पडदा ठोकळ्यासारखा गरगर फिरायचा, विंडो ओढली की जेलीसारखी थरथरायची. शेजारीपाजारी बघायला आले. आठवडाभराने लक्षात आलं, की आम्ही ठोकळाच फिरवत बसलो आहोत, काम काही होत नाही.

पुढे आम्ही दुसरं टोक गाठलं. कार्यालयातले जुने संगणक रेंगाळायचे आणि काउंटरबाहेर रांग वाढायची. आम्ही सगळ्या संगणकांवर 'बेस्ट परफॉर्मन्स' हा पर्याय निवडला आणि सारी सजावट एका फटक्यात उतरवली. दुसऱ्याच दिवशी निवृत्तीला आलेले आमचे बडे बाबू घाबरे होऊन आले, फाइल गायब झाली म्हणून! फाइल खाली टास्कबारवर सुखरूप होती. पूर्वी विंडो मिटताना खाली सरकत जाताना दिसायची, म्हणून ती कुठे गेली हे त्यांना कळत असे. ती खूण आम्ही पुसून टाकली होती.

दुसरी चूक आपल्या मंडळातली आहे. काही वर्षांपूर्वी स्मरणिकेची मुद्रितं आम्ही घरी तपासली. घरच्या संगणकावरही आम्ही तोच उपाय केलेला. त्या पर्यायाने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोयही बंद होते. इंग्रजी अक्षर त्यात निभावून जातं. देवनागरीत मात्र वेलांटी, रफार, अनुस्वार शिरोरेषेवर दाटीवाटीने बसतात. श्रद्धांजलीच्या पानावर 'शिंदे'चे 'शिदे' झाले आणि ते आम्हाला दिसलंच नाही. ग्वाल्हेरात राहून शिंदे चुकावं, यावर तेव्हा बरेच जण हसले. पण त्या काकांच्या मुलाने अंक पाहिला आणि काही न बोलता मिटून ठेवला. आज त्यांची इथे जाहीर क्षमा मागतो.

तेव्हापासून आमचा नियम एकच. जी सजावट काही सांगते ती ठेवायची, जी नुसती दिसते ती उतरवायची. विंडोजच्या शोधपट्टीत 'परफॉर्मन्स' लिहिलं, की दृश्य परिणामांची यादी उघडते. तिथे 'कस्टम' निवडा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं, फोटोंच्या छोट्या प्रतिमा दाखवणं आणि विंडो मिटतानाची हालचाल, या तीन ठिकाणी खूण राहू द्या. सावल्या आणि मेनूचं हळूहळू उमटणं काढलंत तरी काही बिघडत नाही.

घरात कोणाला चक्कर येण्याचा त्रास असेल, तर मात्र हालचालही बंद करा. आमच्या आईला मोबाइलचे पडदे झपकन पुढे-मागे होताना गरगरायचं. आयफोनमध्ये 'रिड्यूस मोशन' आणि अँड्रॉइडमध्ये 'रिमूव्ह ॲनिमेशन्स' हा पर्याय असतो. तो चालू केल्यापासून आई नातवंडांचे फोटो स्वतः बघते.

राहिला वेगाचा प्रश्न. सजावट उतरवली की संगणक पळू लागेल, ही समजूत आता फारशी खरी नाही. व्हिस्टापासून विंडो रंगवण्याचं बरंचसं काम ग्राफिक्स चिपकडे गेलं. आजच्या संगणकाला ते ओझं वाटत नाही. जुना संगणक रेंगाळतो तो बहुतेक वेळा अपुऱ्या रॅममुळे आणि जुन्या हार्ड डिस्कमुळे. सजावट काढून थोडा फरक पडेल, पण हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर खरा फरक दिसेल. आमच्या कार्यालयातली रांगही संगणकांना एसएसडी मिळाल्यावरच कमी झाली.

समोर बाप्पांची आरास आहे. मंडळाच्या मुलांनी रात्री जागून केली आहे आणि सुरेख केली आहे. पण कुठूनही पाहिलं तरी मूर्ती आधी दिसते, हे त्यांनी सांभाळलं. पडद्यावरच्या आराशीकडूनही आमची एवढीच अपेक्षा आहे.

पुढच्या स्मरणिकेची मुद्रितं पुन्हा आमच्याकडेच आली आहेत. या वेळी ती कागदावर छापून, दोघांनी मिळून वाचायचं ठरवलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!