पावसातली सभा आणि सातचा भोंगा

18 ऑक्टोबर 2019 रोजी, लोकसभेच्या पोटनिवडणुकीचे मतदान अवघ्या तीन दिवसांवर आले असता, साताऱ्यात भरपावसात शरद पवारांनी केलेल्या भाषणाची चित्रफीत हातोहाती मोबाइलवरून घरोघरी पोहोचली, आणि पवारांच्या पक्षाचे उमेदवार श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांचा पराभव केला. तथापि त्या यशाचे सारे श्रेय चित्रफितीला देणे मला उतावीळपणाचे वाटते.

मोबाइलच्या प्रभावाचा विचार करता अधिक मननीय वाटते ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव: कोविडच्या काळात शिक्षणासाठीच मुलांच्या हाती आलेला मोबाइल त्यांचा अभ्यास ग्रासू लागला, तेव्हा 2022 पासून रोज सायंकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजताच दूरदर्शन संच आणि मोबाइल दीड तास बंद ठेवण्याचा प्रघात ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने गावाने स्वीकारला.